मालगाडीची वेगमर्यादा: राष्ट्रीय महामार्ग असला की ८०, असं धरून चालतं का?

दोन_गाड्या_कराड:
एक १० चाकी आहे, २८.५ टन पासिंगची, आणि एक पिकअप. कामाचे रूट तीन: कराडहून कोल्हापूर किंवा न्हावा शेवा, कराड-चिपळूण-लोटे, आणि अधूनमधून समृद्धीवरून नागपूर.

एका दुपदरी राष्ट्रीय महामार्गावर १० चाकीला चलन आलंय. वेग ७१, मर्यादा ६०. ड्रायव्हर म्हणतो, हायवेला ट्रकला ८० असतं, चलन चुकीचं आहे. पिकअपवाला म्हणतो, त्याची गाडी छोटी, त्याला कारची मर्यादा लागते. समृद्धीवर तर १२० चे बोर्ड आहेत. प्रश्न असे:

१) राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग अशी वेगवेगळी मर्यादा असते का?
२) पिकअपला कारची मर्यादा की ट्रकची?
३) गाडीत ८० चा स्पीड गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र) सीलबंद असताना जास्त वेगाचं चलन येऊच कसं शकतं?
४) चलन भरावं की भांडावं?

घाटमाथा_ट्रान्सपोर्ट:
पहिल्या प्रश्नातच सगळा घोळ आहे, म्हणून तोच आधी घेतो.

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे यावर त्याचं नाव ठरतं. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), इतर जिल्हा मार्ग (इजिमा), ग्रामीण मार्ग ही उतरंड बांधकाम आणि देखभालीच्या खर्चासाठी. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं म्हणजे राष्ट्रीय, हिरवं म्हणजे राज्य, भगवं म्हणजे ग्रामीण. वेगमर्यादेचा या रंगांशी काडीचा संबंध नाही.

मर्यादा ठरते केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेवरून. त्यात रस्त्याचे चारच प्रकार केलेत. माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी आकडे असे:

प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्ग: ८०
दुभाजक असलेला चौपदरी किंवा त्याहून मोठा रस्ता: ८०
नगरपालिका, महापालिका हद्दीतला रस्ता: ६०
बाकी सगळे रस्ते: ६०

कराड-चिपळूण हा राष्ट्रीय महामार्गच आहे, १६६ई. पण जिथे तो दुपदरी आहे, मध्ये फक्त रंगाचा पट्टा आहे, तिथे तो चौथ्या खान्यात बसतो. मर्यादा ६०. साइडपट्टी पक्की असली, रस्ता रुंद दिसला, तरी दुभाजक नाही म्हणजे ६०च. उलट एखादा राज्य महामार्ग चौपदरी आणि दुभाजकाचा असेल तर तिथे ८० चालतं. ड्रायव्हरला सांगायला सोपं वाक्य: "मध्ये दुभाजक दिसतोय का? नसेल तर साठ." तुमचं ७१ चं चलन रस्ता दुपदरी होता म्हणून बरोबर वाटतंय.

आता दुसरा प्रश्न. अधिसूचनेत "माल वाहून नेणाऱ्या गाड्या, सर्व एन श्रेणी" असं आहे. ३.५ टनापर्यंत एन-१, १२ टनापर्यंत एन-२, त्यावर एन-३. छोटा हत्ती, पिकअप, आयशर, ट्रेलर सगळे त्यात आले. म्हणजे पिकअपला ८० आणि ६०. कारचे आकडे (द्रुतगती मार्ग १२०, दुभाजकाचा चौपदरी १००, बाकी ७०) फक्त ड्रायव्हर सोडून ८ सीटपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना.

एक गंमत मात्र आहे. मर्यादा ट्रकची, पण दंड ठरवताना पिकअप हलकं वाहन धरतात, कारण मोटार वाहन कायद्यात ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी हलकी. कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० आहे.

सोलापूर_हायवे_६५:
वरच्या उत्तरात भर घालतो, नाहीतर लोक दुभाजक बघून डोळे झाकून ८० ला लावतील.

हे आकडे म्हणजे वरची हद्द. कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी मर्यादा कमी करू शकतो, केंद्राच्या आकड्यापेक्षा वाढवू शकत नाही. म्हणून दुभाजकाच्या सहापदरी रस्त्यावरही ६०, ५०, ४० ची पाटी लागलेली असते आणि तिथे पाटीच खरी. काम चालू असलेल्या ठिकाणी महिनाभरापर्यंतचं बंधन राजपत्रात छापलेलं नसलं तरी लागू होतं, हेही त्याच कलमात आहे. "ती पाटी ठेकेदारानं लावलीय, सरकारी थोडीच आहे" हा युक्तिवाद रस्त्यावर करण्यात अर्थ नाही.

पाट्या ओळखा. पांढरा गोल, लाल कडा, आत आकडा: बंधनकारक. त्रिकोण म्हणजे सावधानतेचा इशारा. गोलावर तिरका काळा पट्टा म्हणजे आधीचं बंधन संपलं. निळ्या गोलात आकडा असेल तर तो किमान वेग असतो, कमाल नाही. हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

दुसरा फास शहराच्या हद्दीचा. महामार्ग जेव्हा नगरपालिकेच्या हद्दीतून जातो तेव्हा दुभाजक असला तरी पोलिसांचा बोर्ड ६० किंवा त्याखाली असू शकतो. पुण्याच्या देहूरोड-कात्रज बाह्यवळणावर दिसायला मस्त महामार्ग आहे, पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे आणि तिथली मर्यादा इतर पट्ट्यापेक्षा बरीच खाली ठेवलेली असते. तो आकडा अनेकदा बदललाय, त्यामुळे "मागच्या खेपेला इतकं होतं" यावर जाऊ नका. बोगद्यातून बाहेर पडताना पाटी वाचा.

समृद्धीवरची १२० ची पाटी हलक्या प्रवासी गाड्यांची. त्याच रस्त्यावर तुम्हाला ८०. रस्ता सपाट भागात १५० च्या हिशेबाने आखलाय हे बरोबर, पण तो आकडा वळणाची त्रिज्या आणि चढ-उतार ठरवायला असतो. तुमच्या गाडीला त्याचा उपयोग शून्य.

फिटर_गिअरबॉक्स:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं वर आलंय.

गव्हर्नर म्हणजे ब्रेक नव्हे. ८० ला पोचल्यावर तो डिझेल कापतो, एवढंच त्याचं काम. उतारावर गाडीला ढकलतं ते वजन, इंजिन नाही. २८ टनाची गाडी ४-५ टक्के उतारावर सोडली तर गव्हर्नर शाबूत असूनही ९०-९५ सहज दाखवते. न्यूट्रलमध्ये तर गव्हर्नरला काही कामच उरत नाही. दुसरं म्हणजे त्याला रस्ता कळत नाही. दुपदरीवर ६० ची मर्यादा असताना तो ८० पर्यंत जाऊ देणारच. तुमचं ७१ तिथलंच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ प्रमाणे १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या मालवाहू गाड्यांना कंपनीतूनच ८० चं बंधन बसून येतं, पिकअपसुद्धा त्यात आली. डंपर, टँकर, स्कूल बस आणि घातक माल वाहणाऱ्या गाड्यांना ते ६० चं असतं. म्हणजे टँकर दुभाजकाच्या चौपदरीवरही ६०लाच अडणार. कुणी टँकर घ्यायच्या विचारात असेल तर खेपेचा वेळ त्या हिशेबाने धरावा.

गव्हर्नर "उघडून देणारे" असतात. त्यांच्या नादी लागू नका. जुन्या प्रकारात केबल आणि सील असतं, सील तुटलेलं पासिंगला लगेच दिसतं. नव्या गाड्यांत तो ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) असतो, छेडछाड केली की एरर कोड साठतो आणि कंपनीच्या वर्कशॉपला स्कॅनर लावला की बाहेर येतो. मग वॉरंटीचा दावा गेला.

मीटर आणि कॅमेरा यांच्यात फरक का पडतो तेही सांगतो. कंपनीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असं मानक आहे, त्यामुळे तो थोडा वाढवूनच दाखवतो. जीपीएसवर ७७-७८ असताना काटा ८० वर असतो तो त्यामुळे. पण इंजिन फिरवतं त्या चाकांच्या टायरची साइज बदलली तर हे गणित उलटतं. टायरचा घेर मोठा झाला तर एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. घासलेला टायर काढून नवा घातला तरी व्यासात साधारण २ टक्के फरक पडतो. ८० ला दीड किलोमीटर. चलन व्हायला तेवढं पुरतं. साइज बदलली असेल तर सपाट रस्त्यावर जीपीएस लावून ४०, ६० आणि ८० ला मीटर ताडून बघा आणि फरक कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

घाटमाथा_ट्रान्सपोर्ट:
न्यूट्रलचा विषय निघालाच आहे तर घाटाचं बोलू, कारण तुमच्या तिन्ही रूटवर घाट आहे: चिपळूणला कुंभार्ली, न्हावा शेव्याला खंबाटकी आणि बोरघाट, आणि समृद्धीवर जाताना जिथून चढाल तिथला.

बोरघाटात जड गाड्यांची मर्यादा सपाट भागापेक्षा निम्म्याच्या आसपास असते. लोक म्हणतात रिकाम्या रस्त्यावर एवढं हळू कशाला. हिशेब करा. ८० च्या वेगाला सेकंदाला २२ मीटर जातात. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडून हवा ड्रमपर्यंत पोचायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. पुढे सपाट कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने अजून ६० मीटर. एकूण ९५ च्या आसपास. ६० ला हेच अंतर ६० मीटर होतं. आता उतार धरा, ड्रम तापलेत, ब्रेकची पकड निम्मी झालीय. ८० ला दीडशे मीटर पण पुरणार नाहीत. वळणापलीकडे बंद पडलेला कंटेनर दिसतो तो ७०-८० मीटरवर.

उतरायची पद्धत साधी आहे. उताराला लागायच्या आधी, सपाटीवरच, गिअर निवडा. ज्या गिअरने भरलेली गाडी हा घाट चढली असती तोच, किंवा त्याच्या एक खाली. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून गाडी धरणारा) चालू. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वेग मर्यादेवर आला की एकदा ठाम दाबून ८-१० किलोमीटरने खाली आणायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला वारा लागतो. हवेच्या गेजवर लक्ष. काटा ६ बारच्या खाली सरकायला लागला तर तुम्ही ब्रेक जास्त वापरताय, गिअर चुकलाय. उताराच्या मध्यावर खालचा गिअर टाकायला गेलात आणि तो बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच अडकते. घाटातले बरेच अपघात इथून सुरू होतात.

डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल मारतात, तेही खोटं. कॉमन रेल इंजिनमध्ये गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला आयडलिंगसाठी डिझेल लागतंच. इंजिन बंद करून उतरणारे महाभाग वेगळेच: कॉम्प्रेसर थांबला, स्टिअरिंग जड झालं, आणि हवा संपली की स्प्रिंग ब्रेक मागची चाकं जागेवर आवळतो.

खाली उतरल्यावर ड्रमचा वास येत असेल तर गाडी कडेला घेऊन चाकाला लाकडी उटी लावून अर्धा तास थांबवा. पाणी मारायचं नाही. तापलेल्या बिडाला चीर जाते, ती लगेच दिसत नाही, पुढच्या खेपेला ड्रम फुटतो.

साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे एस वळण आहे, तिथे पाटीचा आकडा काय आहे ते बोगद्यात शिरायच्या आधी ड्रायव्हरला माहीत हवं. बाहेर पडल्यावर वाचून ब्रेक लावायला उशीर होतो.

दोन_गाड्या_कराड:
धन्यवाद सगळ्यांना. दुभाजकाचं डोक्यात बसलं. चौथा प्रश्न राहिला. शिवाय माल पाठवणारी पार्टी म्हणते "माल अमुक वाजता पोचलाच पाहिजे, ई-वे बिल संपेल" (मालासोबतचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, त्याला मुदत असते). ड्रायव्हर त्याच दबावाखाली पळवतो. चलन मात्र माझ्या नावावर येतं.

कायदा_आणि_बिल्टी:
शेठ, आधी चलन तपासा, मग भरायचं की भांडायचं ठरवा. महाट्रॅफिक अॅपवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकले की फोटो उघडतो. त्यात या गोष्टी बघा: नंबर प्लेट पूर्ण वाचता येते का आणि गाडी तुमचीच आहे का, जागा, तारीख, वेळ, मोजलेला वेग, आणि लावलेली मर्यादा. कधीकधी सारख्या दिसणाऱ्या नंबरमुळे दुसऱ्याच गाडीचं चलन येतं, ३ चा ८ होतो. दुभाजकाच्या चौपदरीवर ट्रकला ६० लावलं असेल आणि तिथे तशी पाटी नसेल, तर तक्रारीला जागा आहे. त्याच अॅपमध्ये तक्रारीचा पर्याय आहे. तिथे त्या जागेचे, येणाऱ्या दिशेने काढलेले फोटो जोडा. नुसतं "मान्य नाही" लिहून काही होत नाही.

कायद्याचा आधार दोन ठिकाणी. कलम १८३(३) म्हणतं की निव्वळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाची शिक्षा होत नाही, मोजमाप यंत्राचं हवं. आणि २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ मध्ये यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नूतनीकरण केलेलं हवं, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी सूचनाफलक हवा, असं आहे. तुमच्या ७१ च्या प्रकरणात रस्ता दुपदरी, फोटो स्पष्ट, तर भरून मोकळे व्हा. ६० किलोमीटरचा पट्टा ६० ने गेलं तर एक तास, ७१ ने गेलं तर ५१ मिनिटं. नऊ मिनिटांसाठी चार हजारांपर्यंतचा दंड.

दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर प्रकरण पैशावर थांबत नाही. लायसन्स जप्त करून पुढच्या कारवाईला पाठवायची तरतूद कलम १८३ मध्येच आहे. चांगला ड्रायव्हर महिनोन्‌महिने घरी बसला तर नुकसान तुमचंच. गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर मालकाने सांगणं कलम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे, म्हणून कोणत्या खेपेला कोण होता याची वही ठेवा: तारीख, गाडी, ड्रायव्हर, लायसन्स नंबर, सही.

आता तुमच्या पार्टीबद्दल. कलम १८३ फक्त चालवणाऱ्याला धरत नाही, चालवायला लावणाऱ्यालाही धरतं. आणि पोटकलम ४ तर मालक लोकांनी छापून ऑफिसात लावावं असं आहे: मर्यादा मोडल्याशिवाय पूर्ण होणार नाही अशा वेळेत प्रवास संपवा असा आदेश किंवा वेळापत्रक दिलं, तर तो आदेशच गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा. ड्रायव्हरला व्हॉट्सॅपवर "सकाळी ६ ला गेटवर पाहिजे" असं लिहिताना आधी भागाकार करा. दुभाजकाच्या रस्त्यावर भरलेल्या १० चाकीची सरासरी, टोल आणि चहापाणी धरून, ४५ ते ५० धरा. दुपदरी घाटरस्त्याला ३० च्या पुढे धरू नका. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ मध्ये (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) दिवसाला ८ तास काम, आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती, हिशेब तोच धरा. म्हणजे एका ड्रायव्हरमागे दिवसाला ३६० ते ४०० किलोमीटर, तेही चांगल्या रस्त्यावर. नागपूरची खेप एका माणसाने एका दमात होणार नाही. दुसरा ड्रायव्हर द्या किंवा मुक्काम धरा, आणि भाडं ठरवताना तो खर्च घ्या.

सोलापूर_हायवे_६५:
ई-वे बिलाचं कारण तर अजिबात ऐकू नका. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. कराड ते न्हावा शेवा अंतर २०० च्या वर जातं म्हणजे दोन दिवस. ८० काय, ४० ने गेलात तरी बिल संपत नाही. अडचण होते ती माल भरायच्या कितीतरी आधी भाग-ब (बिलातला गाडीच्या माहितीचा भाग) भरून टाकल्यामुळे. घड्याळ भाग-ब मध्ये गाडी नंबर टाकल्यापासून चालू होतं. पार्टीला सांगा, ताडपत्री बांधून झाल्यावर नंबर टाका.

दोन_गाड्या_कराड:
आणि खरंच रस्त्यात अडकली तर? घाट बंद झाला, टायर गेला, असं काही?

कायदा_आणि_बिल्टी:
मुदत वाढवता येते. बिल संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासांपर्यंत ती खिडकी उघडी असते. पोर्टलवर कारण निवडायचं, गाडी आत्ता जिथे उभी आहे तिथला पिनकोड आणि उरलेलं अंतर भरायचं, नवी मुदत त्या अंतरावरून मिळते. हे काम बिलावर ज्याची नोंद आहे तो वाहतूकदार करतो. तुमचा ट्रान्सपोर्टर आयडी बिलात टाकलेला असेल तर तुम्ही स्वतः वाढवू शकता, म्हणून तो टाकलाय की नाही हे गाडी गेटबाहेर पडायच्या आधी बघून घ्या.